उमेराच्या पंपाचा आवाज

आर्णी,
रविवार, ६ ऑगस्ट २०१७

गझाला आपा,

सलाम. माझ्या अम्मीचाही सलाम. तिचे डोळे आता फारच अधू झालेत, पण तुमचं नाव निघालं की तोंड पहिल्यासारखंच चालतं.

उमेराच्या साखरेचे आकडे दर रविवारी पत्रानं कळवायचे, फोन करायचा नाही, अशी तुमची अट. त्याप्रमाणे हे सातवं पत्र. उर्दू मला वाचता येतं, लिहायला बसलो की घाम फुटतो. शाळा मराठीत झाली, म्हणून मराठीतच गोड मानून घ्या. माझा आवाज ऐकायची तुमची तयारी नाही, हे मला कळतं. तहसीन जाऊन दोन वर्षं झाली, तरी तुमच्या लेखी तुमच्या बहिणीला दवाखान्यात उशिरा नेणारा माणूस मीच. त्यावर आज भांडत नाही. आज रविवार आहे आणि डोकं शांत आहे.

आकड्यांचा कागद सोबत जोडलाय. सकाळचे सगळे दीडशेच्या आत आहेत. बुधवारी दुपारी एकदा चौसष्टवर आली, तिनं स्वतःच ओळखलं आणि साखर खाल्ली. नऊ वर्षांची पोर, पण हात थरथरले की काय करायचं हे तिला माझ्याआधी कळतं. तुम्ही नागपूरहून आणून दिलेला पंप खरंच गुणाचा. दिवसातून चार सुया टोचायचो तेव्हा माझ्या पावलांचा आवाज आला की ती बाजेखाली लपायची. आता तीन दिवसांतून एकदाच पोटावरची सुई आणि नळी बदलायची. ते मी करतो. डोळे मिटून म्हणते, "अब्बा, तुमच्या हातानं दुखत नाही." मेकॅनिकचा हात आहे आपा, उगाच नाही.

परवा किसनराव फवारणीचा पंप दुरुस्तीला घेऊन आले. सावळीकडचे कपाशीवाले शेतकरी, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. उमेरा दुकानात बसून अभ्यास करत होती. ते म्हणाले, "हे काय डबी बांधली गा पोरीच्या कमरेले?" मी सांगितलं की तिच्या अंगात साखर जिरवायचं औषध तयार होत नाही, ही डबी दिवसभर थेंब थेंब आत सोडते. ते म्हणाले, "मंग तुयी पोरगी आमच्या पऱ्हाटीपेक्षा शायनी हाय. पऱ्हाटीले किती बी औषध मारलं तरी अळी हासतेच." उमेरा खूप हसली.

एक अडचण आहे, ती विचारायची होती. पंप वाजतो. नळी दुमडली, औषध संपत आलं की आधी थरथरतो, आणि कोणी पाहिलं नाही तर किंचाळायला लागतो. शाळेत वाजला. चाचणी चालू होती. इंदुताई मॅडम तशा चांगल्या आहेत, पण त्यांनी तिला व्हरांड्यात बसवलं. पोरं तिला ‘अलार्मवाली’ म्हणतात. घरी येऊन म्हणाली, "मले पंप नको. सुया टोचा, मी नाही लपणार." आपा, तो आवाज बंद करता येतो का?

पंप हातात देताना तुम्ही जे बोललात ते मी विसरलो नाही. "एकदा जरी हिच्या जिवावर बेतलं, तर मुलगी मी घेऊन जाईन आणि तू आडवा येणार नाहीस." मी हो म्हणालो होतो. वेळ येणार नाही, म्हणूनच म्हणालो होतो.

रहेमान


आर्णी,
रविवार, २७ ऑगस्ट २०१७

गझाला आपा,

सलाम. तुमचं उत्तर मिळालं. आवाज बंद करता येत नाही, आणि येत असता तरी करायचा नाही, असं तुम्ही खाली दोन रेघा मारून लिहिलंत. बरं. तुम्ही लहान मुलांच्या दवाखान्यात सिस्टर आहात, तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं, ते मी नाकारत नाही. पण व्हरांड्यात बसलेली मुलगी तुम्ही पाहिली नाही.

शाळेची तक्रार मिटली, काळजी नसावी. मॅडमशी बोलून घेतलं. पंप आता वर्गात त्रास देत नाही. उमेरा पहिल्या बाकावर बसते. पंधरा ऑगस्टला तिनं भाषण केलं, एकदाही अडखळली नाही. खाली उतरल्यावर मॅडम म्हणाल्या, "पोरगी भलती खुलली हो तुमची." आता तिला कोणी अलार्मवाली म्हणत नाही.

आकडे चांगले आहेत, कागद पाहा. साखर तपासायच्या पट्ट्या जपून वापरतो, पण सकाळची आणि रात्रीची तपासणी चुकत नाही.

दुकानात मान वर करायला फुरसत नाही. बोंडअळीनं यंदा सगळ्यांना वेड लावलंय. पंधरा दिवसांनी मारायचं औषध लोक आठ दिवसांनी मारतात, दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारतात. पंपाचे वायसर टिकत नाहीत. माझ्या अंगाला, जेवणाच्या डब्यालासुद्धा तो वास येतो. अम्मी म्हणते, आंघोळ करून ये तेव्हाच घरात पाय ठेव. मी ऐकतो. तुम्ही समजता तसा मी कुणाचंच न ऐकणारा नाही.

रहेमान


यवतमाळ,
रविवार, २४ सप्टेंबर २०१७

गझाला आपा,

सलाम. आज कागद जोडलेला नाही.

उमेराला शुक्रवारी शाळेतून आल्यावर उलट्या झाल्या. पोट दुखतं म्हणाली. फवारणीचं औषध लागून गावोगावची माणसं दवाखान्यात येत आहेत, ते तुम्ही पेपरात वाचलं असेलच. माझ्या दुकानात तेच पंप पडलेले असतात आणि ती तिथं खेळते, म्हणून आधी तसंच वाटलं. आर्णीच्या डॉक्टरांनाही तेच सांगितलं. मग यवतमाळला आणलं. इथं साखर पाहिली तर ती वाढलेली निघाली. आता सलाईनमधून औषध चालू आहे.

घाबरण्यासारखं काही नाही. काल दुपारपासून डोळे उघडते. मला ओळखलं. श्वास आता बराच हळू झालाय.

तुम्ही येऊ नका. तुमची रजा कशाला वाया घालवायची? सोमवारी-मंगळवारी सुट्टी देतीलच. वॉर्डात फवारणीवाल्यांची एवढी गर्दी आहे की बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. शेजारच्या म्हाताऱ्यानं आपलं पेन दिलं.

रहेमान


आर्णी,
रविवार, १ ऑक्टोबर २०१७

गझाला आपा,

सलाम. येऊ नका म्हटलं तरी तुम्ही आलात. बुधवारी सकाळी तुम्हाला वॉर्डाच्या दारात पाहिलं. मुलीला न्यायलाच आलात असं वाटलं.

तुम्ही मोठ्या डॉक्टरांशी बोललात. नळी आतल्या बाजूनं दुमडली होती, शुक्रवारी सकाळपासून औषध आत गेलंच नव्हतं, हे तुम्हीच मला समजावून सांगितलंत. मग पंप मागून घेतलात, बटणं दाबून तपासलात, आणि तो वाजला. वॉर्डातल्या लोकांनी वळून पाहिलं इतक्या जोरात वाजला. तुम्ही उमेराकडे पाहिलंत. ती म्हणाली, "खाला, मले थरथर समजली होती. मी कोणाले सांगितलं नाही. माही चूक झाली."

तुम्ही तिला रागावलात ते तिच्या भल्यासाठीच. "बेटा, तू सांगितलं नाहीस म्हणून हे झालं. अब्बा दुकानात असतात, त्यांना कसं कळणार?" असं म्हणालात. तिनं मान हलवली. मी सलाईनच्या बाटलीकडे पाहत होतो.

नंतर खाली टपरीवर तुम्ही माझ्या हातून चहा घेतलात. दोन वर्षांनी. म्हणालात, "रहेमान, मी तुझ्याशी फार कडक वागले. कदाचित तहसीनच्या वेळीही तुझी एवढी चूक नसेल. मुलगी तुझ्याकडेच राहू दे." आपा, या शब्दांची मी दोन वर्षं वाट पाहिली.

उमेरा आता बरी आहे. शुक्रवारपासून पंप पुन्हा लावलाय. दिवसातून दहा-दहा वेळा बोट टोचून साखर पाहते. पट्ट्या लवकर संपतील, पण अडवावंसं वाटत नाही. खेळायला जात नाही. जबाबदारीची जाणीव आली म्हणायची.

आकडे सोबत.

रहेमान


आर्णी,
रविवार, १५ ऑक्टोबर २०१७

गझाला आपा,

मागच्या रविवारी पत्र लिहिलं नाही, कारण खरं लिहायची हिंमत नव्हती आणि खोटं लिहायची ताकद संपली होती. हे पत्र संपेपर्यंत हातातून खाली ठेवू नका.

पंपाचा आवाज मी बंद केला होता. तुम्ही खाली दोन रेघा मारल्या होत्या, ते पत्र समोर ठेवूनच केला. पातं गरम करून डबीची शिवण उघडली. आत भोंग्याला दोन तारा होत्या, केसाएवढ्या. त्यातली एक सोडवली आणि वरून चिकटवून टाकलं. अर्धा तास लागला. जोड दिसणारसुद्धा नाही इतकं साफ काम झालं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व वाटला. गावात ज्याचं काही बिघडतं तो माझ्याकडे येतो. हॉर्न सतत वाजतो म्हणून गाडी आली, तर मी आधी तार सोडवतो, गिऱ्हाईक खूश होतं. बिघाड मग सावकाश शोधतो. बावीस वर्षं असंच काम केलंय. पोरीचा पंपही मी तसाच हाताळला. आवाज हाच बिघाड समजलो.

थरथर उरली होती. ती वर्गात पंपाकडे पाहायला लागली की पोरं पुन्हा चिडवतील, म्हणून मीच तिला सांगितलं होतं, "शाळेत थरथरला तर हात लावू नको, कोणाले सांगू नको. घरी आल्यावर मी पाहीन." तिनं माझं ऐकलं. शुक्रवारी सकाळपासून तो तिच्या कमरेशी थरथरत होता आणि ती माझा शब्द पाळत बसली होती. दुपारी पाणी पिऊन पिऊन तिचं पोट फुगलं, तरी बोलली नाही. चार वाजता शाळेतून थेट दुकानात आली. मी फवारणीच्या पंपात डोकं घालून बसलो होतो. म्हणाली, "अब्बा, आता पाहता का?" मी म्हणालो, "थांब पाच मिनिटं, किसनराव उभे हायत." त्या पाच मिनिटांतच तिनं दारात उलटी केली.

पुढचं याहून वाईट आहे. तिचा श्वास भात्यासारखा चालत होता आणि तोंडाला सडक्या फळाचा वास येत होता. साखर फार चढली की असा वास येतो, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. मला कळलं होतं आपा. किसनराव म्हणाले, "औषध लागलं वाटते रे पोरीले," आणि मी ते शब्द धरून बसलो. ऑटोत तिच्या कमरेचा पंप काढून मी खिशात घातला. नळी ओढली जाऊ नये म्हणून काढतोय, असं स्वतःला सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, फवारणीचं औषध. आणखी काही आजार आहे का? मी म्हणालो, नाही. माझ्या अंगाला औषधाचा वास होताच, शंका कोण घेणार? त्यांनी त्याच हिशेबानं उपाय केले आणि यवतमाळला पाठवलं. साखरेचं नाव मी यवतमाळच्या दवाखान्याच्या दारात घेतलं, तेव्हा ती हाका मारूनही ओ देत नव्हती. त्या सगळ्या वेळात मी काय विचार करत होतो, तेही सांगून टाकतो. पोर वाचेल का, एवढाच विचार नव्हता. तुम्ही तिला घेऊन जाल, हाही होता.

सोमवारी ती जरा सावरली. अम्मीला तिच्याजवळ बसवून मी आर्णीला आलो आणि तार परत जोडली. बुधवारी तुम्ही तपासलात तेव्हा पंप वाजला तो म्हणून. तुमच्यासमोर लेकरू ‘माही चूक’ म्हणालं आणि मी बाटलीकडे पाहत राहिलो. तुम्ही मला माफ केलंत, ती माफी मी चहासोबत पिऊन टाकली.

मी तरीही गप्पच राहिलो असतो. मी स्वतःला ओळखतो. पण गेल्या पंधरा दिवसांत पोरीची काय दशा झाली! घास तोंडात घालायच्या आधी विचारते, "खाऊ का?" वर्गात दर थोड्या वेळानं उभी राहून मॅडमना सांगते, "मॅडम, माहा पंप ठीक आहे." मॅडमनी बसवलं तरी पुन्हा उठते. निजताना पंप कानाशी धरून पडते. बोटांची टोकं काळी पडलीत. अम्मी रोज तिच्यावर काही ना काही पढून फुंकते आणि मला म्हणते, "पोरगी आतून सुकून राह्यली रे रहेमान." मी म्हणतो, अशक्तपणा आहे.

परवा शुक्रवारी नमाजहून आलो तर ती ओट्यावर बसली होती. खाली पाहतच म्हणाली, "अब्बा, अम्मीच्या टायमाले बी मीच सांगितलं नव्हतं न? तिले ताप होता ते?"

आपा, तहसीनला ताप चढला तेव्हा उमेरा सात वर्षांची होती. ती दोनदा पळत दुकानात आली होती. "अब्बा, अम्मी उठून नाही राह्यली." दोन्ही वेळा मी म्हणालो, येतो, चल तू पुढं. मी दिवस मावळल्यावर गेलो. तुम्ही दोन वर्षं जे म्हणत होता ते खरं होतं. मीच उशीर केला. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, तुम्ही नुसता अंदाज बांधला होता, आणि मी त्या अंदाजाशी दोन वर्षं भांडलो. पोर सगळं विसरली. फक्त आपल्या हातून काहीतरी सांगायचं राहतं आणि माणसं मरायला टेकतात, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं. ते मी बसवलं.

मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. तार, चिकटवणं, खिशातला पंप, डॉक्टरांना बोललेलं खोटं. तिच्या अम्मीचंही. म्हणालो, "तू दोन्ही येळेस सांगितलं होतं बेटा. मीच ऐकलं नाही. तुही काहीच चूक नाही."

मला वाटलं ती रडेल, गळ्यात पडेल. निदान मारेल तरी. ती म्हणाली, "खाला मले रागावली, तवा तुमी तिथंच होते न?"

मी म्हणालो, "हो."

"मंग काहून नाही बोलले?"

खालानं तुला नेऊ नये म्हणून, तू माझ्याजवळ राहावी म्हणून, असं सांगता आलं असतं. तेच खरं आहे. पण तिच्या तोंडाकडे पाहून ते खरंही चोरीच्या मालासारखं वाटलं. ती उठून घरात गेली.

आज तिसरा दिवस, नळी बदलायचा. मी साबणानं हात धुतले, सामान मांडलं आणि तिला हाक मारली. ती आली नाही. आतून आवाज आला, "दादी, तू लावून दे." अम्मीला ताटातला घास दिसत नाही आपा. ती म्हणाली, "बेटा, मले सुई कुठं दिसते? अब्बाकडं जा." पोरगी म्हणाली, "मी सांगतो कुठं लावायची ते. तू फक्त दाब."

मी दाराबाहेर उभा होतो. पहिल्यांदा सुई वाकडी गेली. ती ओरडली नाही, पण तिनं श्वास कसा धरला ते मला ऐकू आलं. दुसऱ्यांदा बसली. नंतर पंपाची बटणं तिनं स्वतःच दाबली, बोट टोचलं, आकडा पाहिला. अम्मी बाहेर आली तेव्हा तिच्या पदराला रक्त होतं आणि ती माझ्याकडे न पाहता मोरीकडे गेली.

तुमची अट मला लागू झाली आहे. मी आडवा येणार नाही. तिचे कपडे, वह्या, पट्ट्या, उरलेल्या नळ्या सगळं बांधून ठेवलंय. तिला सांगितलं की खाला येईल. ती फक्त "कवा?" म्हणाली.

तुम्हाला हे पत्र मंगळवारी मिळेल. पुढची नळी बुधवारी बदलायची आहे. बुधवारच्या आत या आपा. या घरात तिला सुई लावू शकणारा हात एकच आहे, आणि त्या हाताला ती शिवू देत नाही.

रहेमान